वर्गनोंदीची वही

माझं अक्षर कधीच सुंदर नव्हतं, पण हात भराभर चालायचा. समोरच्याचं वाक्य संपून तो श्वास घेईपर्यंत माझं लिहून झालेलं असायचं. ही कला मला शाळेने शिकवली नाही, बाबांच्या मंडळाने शिकवली. आमच्या गावातून मुंबईत आलेल्या लोकांचं एक मंडळ होतं आणि बाबा त्याचे चिटणीस होते. गिरणी बंद पडल्यावर ते साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात लेथवर उभे राहायला लागले. तिथल्या कामाने त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडत गेली, पेन धरवेना, आणि सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी सातवीत असेन.

सभा आमच्याच खोलीत भरायची. भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ, एक खोली आणि तिच्यात आम्ही सातजण. सभेच्या दिवशी आणखी पंधरा-वीस माणसं आत यायची. पुरुष भिंतीला टेकून बसत, बायका मोरीजवळ दाटीवाटीने, आणि मी लोखंडी ट्रंकेवर वही ठेवून कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातून उठायचं म्हटलं तर निदान सहा जणांच्या मांड्या ओलांडाव्या लागायच्या, म्हणून सभा संपेपर्यंत मी तिथेच. शेजारच्या खोलीतल्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मोठ्या पातेल्यात उकळणारा चहा, आईने तळायला घेतलेल्या कांदाभजीचा धूर, आणि या सगळ्यावर माणसांचं भांडण. देवळाच्या मंडपापासून सुरुवात व्हायची आणि कोणाच्या आजोबांनी कोणाचा बांध कोरला इथपर्यंत गाडी जायची. मी प्रत्येक शब्द टिपायला बघायचे. बाबा मान वळवून हळूच म्हणायचे, ‘‘हे नको.’’ मग काय लिहू, असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: ‘चर्चेअंती सर्वानुमते ठरले.’

मला त्या वाक्याचा मनापासून राग यायचा. सर्वानुमते कसलं? दत्ताराम काका आणि तात्या एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा मी बाबांना तोंडावर म्हटलं की तुम्ही खोटं लिहायला लावता. ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘‘उद्या ते दोघं एका ताटात जेवतील गं. तुझ्या वहीत मात्र भांडतच बसतील.’’ मला ते पटलं नाही. माझ्या हातात कधी माझी वही आली तर मी सगळं खरं लिहीन, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

ती वही नववीत आली. आमचे वर्गशिक्षक दळवी सर इतिहास-भूगोल शिकवायचे. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं. ते नोट्स सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. वर्गातल्या साठ जणांत एकही शब्द न गाळता लिहिणारी मी एकटी, त्यामुळे सर मधेच थांबून ‘नलिनी, शेवटचं वाक्य?’ असं विचारायचे आणि मी वाचून दाखवायचे. जूनमध्ये त्यांनी मला वर्गप्रमुख केलं आणि एक जाड, दोनशे पानी वही दिली. पानांवर त्यांनी स्वतः आकडे घातले होते. सर वर्गात नसतील तेव्हा काय घडलं ते वेळेसकट लिहायचं. शाईने लिहायचं, खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. शनिवारी शेवटच्या तासाला सर ती वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आणि प्रत्येक पानाखाली सही करणार. पाठीमागे चुगली नको, जे असेल ते तोंडावर, असा त्यांचा विचार होता. माणूस वाईट नव्हता, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकते. वर्षात एकाच्या नावावर तीन नोंदी झाल्या की मात्र त्याची तुकडी बदलणार, ‘अ’मधून ‘क’मध्ये. ‘क’ला गणिताला धड शिक्षक नव्हता. नववीत ‘क’मध्ये जाणं म्हणजे दहावीची वाट लागली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सर गेले की मी त्यांच्या टेबलाशी, त्यांच्या खुर्चीवर, वर्गाकडे तोंड करून बसायचे. पहिले काही दिवस मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मग हळूहळू कळलं की या खुर्चीवरून कोणाशी बोलता येत नाही. मी मान वर केली की साठ माना खाली जायच्या. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की आसपासच्या मुलींचं बोलणं थांबायचं. वर्ग माझ्याने कधीच गप्प झाला नाही. मी फक्त नावं लिहायची. वर्ग गप्प करायची वैशाली. ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिची आई महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती आणि घरातली लहान भावंडं वैशालीच सांभाळायची. कोण उपाशी आलंय, कोणाला घरी मार बसलाय, कोणाची नाटकं चाललीयत, हे तिला तोंड बघून समजायचं. ती उठून एखाद्या पोराजवळ जायची, काहीतरी बोलायची आणि तो हसून खाली बसायचा. मी वहीत लिहायचे: ‘वैशाली जागेवरून उठली, बोलली.’ अशा तिच्या दोन नोंदी माझ्याच हातच्या आहेत. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘‘यार नलू, तू बघतेस की नुसती लिहितेस?’’ मला वाटलं, नोंद झाली म्हणून चिडलीय.

परवा मुलुंडच्या एका शाळेत मला बोलावलं होतं. आयुष्यभर लघुलेखक म्हणून नोकरी केली, त्यामुळे आठवी-नववीच्या मुलांना टिपणं कशी काढावीत हे सांगायला मी बरी, असं कोणाला तरी वाटलं. दुपारच्या सत्रात नेतृत्व आणि भावनिक बुद्धिमत्ता असा विषय होता, तो दुसऱ्या कोणाचा. मी समास कसा सोडावा, खुणा कशा वापराव्यात, ऐकलेलं आपल्या शब्दांत कसं उतरवावं, असं बरंच बोलले. पोरं हुशार होती. शेवटी एका मुलीने विचारलं, ‘‘मॅम, काय लिहायचं नाही हे कसं कळतं?’’ मी तिला वेळ संपल्याचं कारण दिलं आणि खाली उतरले. घरी येऊन हे प्रकरण लिहायला घेतलं.

तो गुरुवार होता. चौथ्या तासाला सरांना मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि मी खुर्चीवर जाऊन बसले. दहा मिनिटं बरी गेली. मग मागच्या बाजूला वैशाली उठली. आधी आपल्या पुढच्या बाकावरच्या मंदाच्या कानाशी वाकली, मग सरळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली की मैदानावर ड्रिलच्या सरांनी सगळ्या मुलग्यांना ताबडतोब बोलावलंय. असं काही नव्हतं, मला माहीत होतं. मुलग्यांना काय, निमित्तच हवं. तीसेक पोरं आरडाओरडा करत दारातून बाहेर पडली. ती बाहेर पडत असतानाच मी घड्याळ बघितलं आणि लिहिलं: ‘११.१० — वैशालीने खोटे सांगून सर्व मुलांना वर्गाबाहेर काढले. परवानगी नव्हती.’ शेवटचा शब्द लिहून मी मान वर केली तेव्हा वैशाली दाराला कडी लावत होती आणि मंदा उभी होती, पाठ भिंतीला लावून. ती जराशी वळली तेव्हा दिसलं, तिच्या निळ्या स्कर्टला मागे मोठा डाग पडला होता.

मंदा वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचं तेवढंच तिचं बोलणं. तिची ही पहिलीच वेळ होती आणि तिला काही ठाऊकच नव्हतं. आपल्याला काहीतरी भयंकर झालंय, आपण मरणार, असं तिला वाटत होतं. आमच्या घरी याला कावळा शिवला म्हणायचे आणि तीन दिवस ट्रंकेजवळ वेगळं बसवायचे. त्यापलीकडे मलाही कोणी काही सांगितलेलं नव्हतं. वैशाली मात्र तिला पाणी पाजत होती, पाठीवरून हात फिरवत सांगत होती की काही नाही होत, माझी आई रोज बघते, सगळ्यांना होतं. मग ती माझ्याकडे आली आणि टेबलावरचा हिरवा कपडा मागितला. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ‘‘सरांना विचारावं लागेल.’’ इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. वैशालीने माझी वही उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि कपडा ओढून घेतला. तो मंदाच्या कमरेभोवती गुंडाळून, चार मुलींचा घोळका करून, त्या तिला खाली घेऊन गेल्या. जाता जाता वैशालीने उघड्या पानावर नजर टाकली.

‘‘खोड ते.’’

‘‘खाडाखोड चालत नाही गं.’’

‘‘मग राहू दे. मंदाचं नाव त्यात नको, बस्स.’’

मी नाव घालणार नाही असं वचन दिलं आणि ते पाळलं. पण तिकडे मैदानावर तीस मुलगे धुमाकूळ घालत होते, दुसऱ्या वर्गाचा तास उधळला होता आणि मुख्याध्यापकांनी दळवी सरांना सगळ्यांदेखत बोल सुनावले होते. सर वर्गात आले ते पांढरेफटक होऊन. कोणी बाहेर काढलं, एवढंच त्यांनी विचारलं. वर्ग गप्प. सर म्हणाले, ठीक आहे, वहीत असेलच, शनिवारी बघू.

त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले ते मी अजून विसरलेले नाही. कुठूनही सुटका नव्हती. पानावर आकडा होता, फाडता येत नव्हतं. खोडता येत नव्हतं. वैशालीने असं का केलं हे सांगितलं तर मंदाची बेअब्रू, तीही मुलग्यांसमोर. नाही सांगितलं तर वैशालीची तिसरी नोंद आणि ‘क’ तुकडी. सरांना एकटं गाठून सांगावं म्हणून शुक्रवारी मी शिक्षकांच्या खोलीपाशी गेले. सर म्हणाले, बोल. एका पुरुष शिक्षकासमोर ती गोष्ट सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता. कावळा शिवला म्हणू? मी ‘काही नाही सर’ म्हणून परत फिरले. शिवणाच्या बाईंना सांगितलं असतं, पण त्या रजेवर होत्या. आणि आता या वयात खोटं कशाला बोलू, मला आणखी एक भीती होती. वहीत मी चुकीची नोंद केली असं कबूल केलं तर खुर्ची जाईल. त्या खुर्चीवर मी सुखी नव्हते, तरीही ती जावी असं मला वाटत नव्हतं.

नेमकी शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे सभा. गावच्या पूजेची तारीख ठरवायची होती. मी माझ्या कोपऱ्यात, समोर माणसांची भिंत. जवळा भाजल्याचा वास घरभर भरला होता. रिवाजाप्रमाणे मी आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. मध्येच तात्या उठले आणि म्हणाले, ‘‘ह्यां मी असा बोलूक नाय. तां काढा.’’ अध्यक्षांनी सभेला विचारलं, सगळे हो म्हणाले, आणि बाबांनी मला त्या ओळीच्या बाजूला दुरुस्ती लिहायला सांगितली. मग अध्यक्षांनी खाली सही केली. सभा संपल्यावर मी चहाचे कप विसळता विसळता बाबांना विचारलं, एकदा लिहिलेलं असं बदलता येतं का? बाबा म्हणाले, ‘‘सही होईपर्यंत कोणीपण उभं राहून हरकत घेऊ शकतो. सही झाली की कायम. मग कोणाला हात लावता येत नाही.’’ आईने ‘गो, तुझा लक्ष खंय हा?’ म्हणून माझ्या हातातून कप काढून घेतला. मला मात्र वाट सापडली होती. सर सही करायच्या आधी उभं राहायचं. एवढंच तर करायचं होतं.

शनिवारी शेवटच्या तासाला सरांनी वही उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार. मग गुरुवार. ‘अकरा दहा’ म्हणून सरांनी माझं वाक्य वाचलं, एकेक शब्द, मी लिहिला तसाच. सरांनी वैशालीला उभं केलं आणि हे खरं का विचारलं. ती हो म्हणाली. कारण विचारलं तर ती गप्प. सर म्हणाले की ही तिसरी नोंद आहे, सोमवारपासून ‘क’मध्ये बसायचं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. माझी वेळ हीच होती. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली, पायांत जोर आणला, आणि उठले नाही. का नाही उठले याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. नाही उठले, एवढंच खरं.

उठली मंदा. जिचा आवाज हजेरीपलीकडे वर्षभरात कोणी ऐकला नव्हता ती उठली, आणि समोरच्या फळ्याकडे बघत बोलली.

‘‘सर, वैशालीने माझ्यासाठी मुलांना बाहेर काढलं. माझा स्कर्ट खराब झाला होता. पाळी आली होती.’’

तो शब्द त्या वर्गात, त्या काळात, कोणी उच्चारला नव्हता. मागे एक मुलगा फिस्सकन हसला आणि एकटाच हसतोय हे लक्षात येऊन थांबला. दळवी सरांचे कान लाल झाले. खिडकीकडे बघतच ते दोघींना बसा म्हणाले आणि सही न करता, पेन उघडंच ठेवून वही माझ्यासमोर सरकवली. ‘‘नलिनी, आजची नोंद घे,’’ असं म्हणून ते वर्गाबाहेर गेले. सवयीने म्हणाले असावेत. मी तारीख लिहिली. माझा हात सवयीने पुढे चालला होता, ‘११.५५ — मंदा उभी राहिली’ असं डोक्यात तयारही झालं होतं. मी पेनाला टोपण लावलं.

मंदा सोमवारी आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. वैशाली ‘अ’मध्येच राहिली, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. मी काय करू शकत होते? नोट्स काढल्या. नव्या वहीत, प्रत्येक तासाच्या, मंदासाठी, चांगल्या अक्षरात. गुरुवारी ती वही वैशालीपुढे धरली आणि तिला देशील का म्हणून विचारलं. तिने पानं चाळली. म्हणाली, ‘‘नोट्स झकास आहेत. पण तिला नोट्स नकोयत, नलू. मी दोनदा जाऊन आले. ती एकच विचारते, त्या दिवशी वहीत काय लिहिलं. वर्षभर शनिवारी वाचणार का, विचारते. तूच ये आणि तूच सांग.’’ मी म्हटलं, मी काहीच लिहिलं नाही. वैशाली पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, ‘‘सर विचारतील तेव्हा?’’

सर विचारणार होतेच. पुढच्या शनिवारी त्यांनी वही उघडली तेव्हा मी आपणहून उभी राहिले. या वेळी पायांना सांगावं लागलं नाही. सरांनी पान बघितलं. वर तारीख, खाली काही नाही. त्यांनी मान वर करून विचारलं, ‘‘हे काय?’’

‘‘एवढंच आहे, सर.’’

आता खुर्ची गेली, असं मला वाटलं, आणि हलकं वाटलं. सरांनी पेन काढून पानाच्या तळाशी, नेहमीच्या जागी, सही केली. त्या आठवड्याचं त्यांनी मोठ्याने काही वाचलं नाही, आणि नंतरही कधी नाही. तास संपल्यावर वही कपाटात ठेवायची ती त्यांनी माझ्या बाकावर ठेवली आणि गेले. त्यांना कळलं होतं का, मी ती कुठे नेणार आहे ते? कोणास ठाऊक.

मंदाचं घर टेकडीवर वरच्या अंगाला होतं. वैशाली पुढे आणि मी मागे, छातीशी दोन वह्या. मंदाच्या आईने आम्हाला आत घेतलं, चहा टाकला. मंदा भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली होती. तिने मागे वळून मला बघितलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली. मी वर्गनोंदीची वही उघडली आणि ते पान तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

तिने पान उलटून मागे काही आहे का तेही बघितलं. मग तळाशी बोट ठेवून विचारलं, ‘‘ही सरांची सही?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘आता कायम झालं. ह्यात कोणी काही लिहू शकत नाही.’’

मंदाने सूप बाजूला सारलं. हात स्कर्टला पुसले, तोच निळा स्कर्ट, धुऊन फिका झालेला. मग विचारलं, भूगोल कुठपर्यंत झाला. मी माझी नोट्सची वही पुढे केली, पण तिने ती घेतली नाही. दप्तरातून स्वतःची वही काढली, तारीख घातली आणि म्हणाली, ‘‘तू सांग. मी लिहिते.’’

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगायला लागले. ती सावकाश लिहायची. प्रत्येक वाक्याला मी थांबत होते.